टाकी भरेपर्यंत

नानांची वही अजून माझ्याकडे आहे. दोनशे पानी, लांबट, पुठ्ठ्याची. रकाने त्यांनी पट्टी घेऊन आखलेत: तारीख, सुरू, बंद, खाडे, शेरा. ध्यानाला बसल्यावर मन जितक्या वेळा पळालं, तितके खाडे. १७ जानेवारीला ४३, १८ ला ३९, २० ला ५२ आणि त्यापुढे शेऱ्यात एकच शब्द, ‘रद्द’. गाडी रद्द व्हावी तसं त्या दिवशीचं ध्यान रद्द.

मी दापोली तालुक्यातल्या एका गावात योगाचा वर्ग घेते. शाळेचा हॉल, सकाळी साडेसहा, पंधरा-वीस माणसं, बहुतेक पन्नाशीच्या पुढची. नाना आले ते जानेवारी २०२३ मध्ये. वय ५९. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदललेत, आणि गावात दर चौथ्या घरात एक नाना असल्यामुळे नावाचा प्रश्नच नाही.

एसटीत तेहतीस वर्षं काढलेला माणूस. आधी वाहक, शेवटची बारा वर्षं वाहतूक नियंत्रक. म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते लाउडस्पीकरवरून पुकारणारा आणि कागदावर सुटण्याची वेळ टाकून सही करणारा. शेवटच्या वर्षात तो लांबलेला संप झाला, ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. ते महिने घरी बसून गेले. संप मिटला, जेमतेम महिनाभर खिडकीत बसले आणि मे २०२२ मध्ये निवृत्त झाले.

तक्रार एकच, झोप. साडेतीनला टक्क जाग. पहिली गाडी सव्वापाचची असायची, ती आता दुसरं कोणीतरी सोडतं. पण नानांच्या अंगातलं घड्याळ निवृत्त झालं नव्हतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर नाही, थायरॉइड ठीक, रक्तदाबाची गोळी आधीपासूनच होती. शेवटी म्हणाले, मेडिटेशन करून बघा. हल्ली हे वाक्य ‘मीठ कमी खा’ इतक्याच सहज सांगितलं जातं.

मी त्यांना श्वास मोजायला दिला. एक ते दहा, मन सुटलं की परत एकपासून. पद्धत जुनी आहे, चांगली आहे, माझ्या वर्गात निम्म्या लोकांना ती मानवते. पण तेहतीस वर्षं मोजण्यात आणि नोंदण्यात गेलेल्या माणसाला मी पुन्हा मोजायलाच दिलं. हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वही आणली. मला कौतुक वाटलं, हेही कबूल करते. आठवड्याने ते वर्ग सुटल्यावर चटई गुंडाळत म्हणाले, “बाई, आज नापास.” मी हसले. ते हसले नव्हते.

मार्चमध्ये मुलीने त्यांचं नाव विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला घातलं. तिथला दिवस पहाटे चारला सुरू होतो, एकूण बैठक दहा तासांच्या आसपास, दहाव्या दिवसापर्यंत बोलणं बंद, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून तासतासभर न हलता बसण्याच्या रोज तीन बैठका. मला धास्ती होती. नाना मात्र खुशीत परतले. “घंटा असते हो बाई. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही.” घरी आल्यावर सकाळी तास, संध्याकाळी तास बसायचं असतं. पाच आठवडे त्यांनी एकही बैठक चुकवली नाही. त्याच पाच आठवड्यांबद्दल नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मला नंतर म्हणाल्या, “डोळे मिटून देवासारखे बसतात आणि उठले की खेकसतात.”

एप्रिलच्या शेवटी छातीत धडधड सुरू झाली. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष गेलं की धडधड, डोळे उघडले की कमी. ईसीजी काढला, काही नाही निघालं. नानांनी बसणं सोडलं, माझा वर्गही सोडला. वहीत शेवटची नोंद २९ एप्रिलची आहे. शेऱ्याचा रकाना कोरा.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण असं काही सांगितलं की लोक लगेच पद्धतीलाच नावं ठेवायला लागतात. वीस-वीस वर्षं रोज बसणारी, त्यातून खरोखर शांत झालेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. पण सगळ्यांना सगळं सोसतं असंही नाही. ध्यानाच्या त्रासदायक परिणामांचा ८३ अभ्यासांवरून घेतलेला एक आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे परिणाम साधारण आठ टक्के लोकांत दिसले होते, आणि सर्वांत जास्त आढळली ती चिंता. अंग सैल सोडायला लागलं की काही जणांची अस्वस्थता उलट वाढते, हे तर मानसशास्त्रात १९८० च्या दशकापासून नोंदलेलं आहे. शंभरात आठ म्हणजे माझ्या वर्गात एखाददुसरा. तो एखादा नाना होते.

मागील दार

मे महिना सरत आला होता. काकूंकडे आगळ, म्हणजे कोकमाचा रस, सांगून ठेवलं होतं, ते आणायला गेले. खळ्यात कोकमाची सालं वाळत घातलेली, त्यांवरून चालत जायचं नाही म्हणून घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. नाना डोणीच्या काठावर बसले होते.

डोण म्हणजे विहिरीजवळची दगडी कुंडी. काठ दीड फूट उंच असेल. एक चप्पल पायात, दुसरी बाजूला पडलेली आणि तो उघडा पाय ओल्या दगडावर. हात मांडीवर, तळवे कसेतरी, एक उपडा, एक उताणा. पाठ ताठ नव्हती. तोंड आगराकडे. एसटीच्या आगाराकडे नव्हे, घरामागच्या पोफळींच्या आगराकडे. पंप चालू होता, त्याची एकसुरी घरघर. केळीच्या बुंध्याशी एक कुकुडकुंभा, म्हणजे भारद्वाज, पाला उलटापालटा करत होता. पोफळीची एक विरी, म्हणजे पानाच्या देठाचं रुंद आवरण, सुटली आणि धप्प करून खाली पडली. नानांनी मान वळवली, बघितलं, मान परत कुठेतरी गेली. दचकले नाहीत, उठून विरी उचलून आणावी असंही त्यांना वाटलं नाही. कोकणातल्या माणसाने पडलेली विरी न उचलणं ही साधी गोष्ट नव्हे.

मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. मग वरच्या टाकीतून पाणी ओसंडल्याचा आवाज आला. नाना उठले, बटण बंद केलं, चप्पल शोधली आणि त्यांना मी दिसले.

“काय करत होता नाना?”

“पाणी भरत होतो.”

“ते पंप भरत होता. तुम्ही?”

“मी काय? बसलो होतो.”

हे रोज होतं का, तर होय, रोज, चारचा चहा झाल्यावर. निवृत्त झाल्यापासून. त्याबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. साडेतीन महिने मी या माणसाला बसायला शिकवत होते.

काय सांगितलं

मी त्यांना एवढंच सांगितलं की महिनाभर ध्यान बंद, वही बंद, आणि संध्याकाळी डोणीवर बसता तसंच बसायचं. जवळ फोन नको, रेडिओ नको, जपमाळही नको. डोळे उघडे ठेवा नाहीतर मिटा. पाय दुखला तर हलवा. विचार आले तर आले. परत कुठे यायचं नाही, कारण कुठून निघालेलोच नाही. टाकी भरली की उठा.

नानांना हे फसवणुकीसारखं वाटलं. “म्हणजे करायचं काय?” तीनदा विचारलं.

यात ध्यानापेक्षा वेगळं काय, हे मला स्वतःलाही नीट मांडायला वेळ लागला. श्वास, मंत्र, ज्योत, देहातल्या संवेदना असं कोणतंही आलंबन घेतलं की मन तिथून सुटणार आणि त्याला आणायचं, हा व्यवहार सुरू होतो. गुरू चांगला असेल तर सांगतो, सुटणं हा अपराध नव्हे. पण नानांसारख्या माणसाला ते ऐकू येत नाही. त्याला सुटणं म्हणजे खाडाच दिसतो. आलंबनच काढून घेतलं तर खाडा मांडणार कशाचा?

नुसतं बसण्याला मोठमोठ्या परंपरांचा आधार देता येतो. तेराव्या शतकात जपानात झेन गुरू दोगेन यांनी ‘शिकानताझा’ सांगितलं, म्हणजे केवळ बसणं. तिरुवन्नामलैचे रमण महर्षी ‘सुम्मा इरु’ म्हणत. उगी राहा, असं त्याचं मराठी होईल. जे. कृष्णमूर्तींनी १९२९ मध्ये आपल्याभोवती उभी राहिलेली संघटनाच बरखास्त केली आणि पुढे आयुष्यभर ध्यानाच्या पद्धती नाकारल्या. नानांच्या डोणीला यांच्या रांगेत नेऊन बसवायचा मोह मला झाला होता. पण ते खरं नाही. दोगेनच्या बसण्यात पाठीच्या कण्यापासून अंगठ्यांपर्यंत शिस्त आहे, रमणांच्या उगी राहण्यामागे ‘मी कोण’ हा प्रश्न आहे. नानांना काही मिळवायचं नव्हतं. त्यांना टाकी भरायची होती.

त्यापेक्षा दोन साधे अभ्यास मला उपयोगी पडले. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ६ ते १५ मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं बसवलं. बहुतेकांना ते आवडलं नाही. एका प्रयोगात समोर एक बटण होतं, दाबलं की विजेचा सौम्य झटका. तो टाळायला आम्ही पैसे देऊ असं आधी म्हणालेल्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी ते बटण दाबलं. मी हे नानांना सांगितलं. ते म्हणाले, “बाहेर काही दिसत होतं का त्यांना?” म्हटलं, रिकामी खोली होती. “मग दाबणारच.”

दुसरा धागा मिशिगन विद्यापीठाच्या रेचल आणि स्टीफन कॅपलान या जोडप्याचा. त्यांचं म्हणणं, लक्ष दोन तऱ्हांनी लागतं. एक आपण जोर लावून लावतो, ते दमतं. दुसरं हलणारी पानं, वाहतं पाणी, ढग अशा गोष्टींकडे आपसूक जातं, आणि तेवढा वेळ पहिल्याला विसावा मिळतो. विरी पडली, मान वळली, मान परत गेली. मी डोळ्यांनी पाहिलं ते हेच. श्वास मोजताना नाना जोर लावत होते. डोणीवर कुकुडकुंभाच त्यांचं काम करत होता.

बांधाचा वाद आणि माझी दुसरी चूक

पहिला आठवडा चांगला गेला नाही. नाना बसायचे आणि भावकीतला बांधाचा वाद उगाळायचे. चुलतभाऊ काय म्हणाला, आपण काय म्हणायला हवं होतं. नुसतं बसण्याचा हा खरा धोका आहे. रवंथ सुरू होतं. मी त्यांना वाद थांबवायला सांगितलं नाही. फक्त म्हटलं, टाकी भरली की वादातूनही उठायचं.

आता मागे वळून बघताना वाटतं, सगळ्यात मोठा वाटा या टाकीचाच होता. हजार लिटरची टाकी, अर्धा अश्वशक्तीचा पंप. व्होल्टेज बरं असलं तर पंचवीस मिनिटं, नाहीतर बत्तीस-पस्तीस. गजर लावून बसलं की माणूस गजराची वाट बघतो. टाकीची वाट बघता येत नाही, कारण ती कधी भरणार हे कोणालाच ठाऊक नसतं. आवाज आला की संपलेलं असतं. जन्मभर गाड्या वेळेवर सोडलेल्या माणसाला दिवसातून एकदा वेळापत्रक नसलेली गोष्ट मिळाली होती. आणि बांधाचा वाद कितीही रंगात आलेला असला तरी पाणी ओसंडलं की मधेच तुटायचा. दुसऱ्या दिवशी तो तिथूनच पुढे सुरू करावा इतका महत्त्वाचा वाटायचा नाही म्हणे.

जूनच्या शेवटापर्यंत बरं चाललं होतं. पावसात नाना मागल्या पडवीत सरकले. पन्हळीचं पाणी आणि टाकीचं पाणी यांचे आवाज ओळखायला शिकले. आणि तेव्हा मी दुसरी चूक केली. हे कुठेतरी लिहावं असं माझ्या मनात आलं, मग आकडे हवेत असं वाटलं, आणि मी त्यांना एक कागद दिला: किती वेळ बसलात, मन किती शांत, दहापैकी गुण.

सहा, सात, सात, चार. पाचव्या दिवशी नाना मनगटाला घड्याळ लावून पडवीत बसले. सहाव्या दिवशी कागदावर त्यांच्या सुबक अक्षरात ‘रद्द’.

मी जाऊन कागद परत घेतला आणि माफी मागितली. त्यामुळे या प्रकरणात देण्यासारखे आकडे माझ्याकडे नाहीत, आणि जे नाहीत ते का नाहीत हे वर आलंच आहे. माझ्याकडे आहे ती काकूंची साक्ष. आधी पहाटे साडेतीनला स्वयंपाकघरात लायटरचा टिकटिक आवाज यायचा, मग पातेलं, मग डब्याचं झाकण, आणि त्यांची झोपमोड. ऑगस्टमध्ये आठवड्यातले तीन-चार दिवस तरी त्याच आधी उठायला लागल्या. खेकसणं कमी झालं का, असं विचारलं तर म्हणाल्या, “स्वभाव आहे तो.” रक्तदाबाची गोळी आहे तशीच चालू. धडधड परत झाली नाही, पण ती डोणीमुळे गेली की तासभर डोळे मिटून बसणं थांबवल्यामुळे, हे मी सांगू शकत नाही. एकच माणूस, एकच पडवी. आणि निवृत्तीला वर्ष उलटून गेलं होतं, तेवढ्यानेही झोप हळूहळू सुधारते.

याच काळात वर्गातल्या एका बाईंनाही मी असंच बसायला सुचवलं होतं. त्यांचे यजमान जाऊन वर्ष व्हायचं होतं. त्यांना ते अजिबात सोसलं नाही. रिकामं बसलं की त्या खोल जायच्या, अर्धा तास रडून उठायच्या आणि संध्याकाळ तशीच जायची. त्यांना मोजलेला श्वास आणि नामस्मरण हाताशी धरायला बरं पडलं, आणि समुपदेशकाकडे जायला मी आग्रहाने सांगितलं. ज्याला आत बुडायला होतं त्याला काठ लागतो. नानांना काठच काचत होता.

गणपती

२०२३ चे गणपती १९ सप्टेंबरला बसले. मुलगा पुण्याहून आला, चार दिवस हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्याने टाकीला सेन्सर बसवला. पाणी खाली गेलं की पंप आपोआप सुरू, भरलं की आपोआप बंद. नानांनी कौतुकही केलं. सगळ्या गावाला दाखवून झालं.

मग गौरी-गणपती गेले, मुलगा गेला. ऑक्टोबर लागता लागता काकू मला रस्त्यात भेटल्या. लायटर पुन्हा साडेतीनला वाजायला लागला होता. “चार वाजले की मागल्या दारी जातात. उभे राहतात. परत येतात. काय हवंय म्हटलं तर काही नको म्हणतात.”

आपल्याकडे बसण्याला फारशी इज्जत नाही. बसून खातो, बसून राहिलाय, धंदा बसला, नुसता काय बसलायस. हातात माळ असली की बसणं माफ. बायकांना तांदूळ निवडताना, वालाच्या शेंगा सोलताना बसायची सूट होती, आता निवडलेलं धान्य पिशवीतून येतं. नानांकडे ‘पाणी भरतोय’ हे उत्तर होतं आणि मुलाने प्रेमाने ते काढून घेतलं होतं. टाकी नाना न बसताच भरत होती.

मी त्यांच्या घरी गेले आणि शिकवणीच्या सुरात बरंच बोलले. म्हटलं, नाना, आता खरी पायरी आली. आता कारणाशिवाय बसायचं. कोणी विचारलं तर सरळ सांगायचं, बसलोय. त्यांनी ऐकून घेतलं. मान हलवली. दुसऱ्या दिवशी चारला मागल्या दारी गेले, दोन मिनिटं बसले आणि उठून सेन्सरचा दिवा लागलाय का ते बघून आले.

काकूंनी माझं सगळं बोलणं चहा गाळता गाळता ऐकलेलं होतं. त्यांनी आठवडाभर वाट बघितली. मग एका सकाळी वायरमनला बोलावून ती डबी काढायला लावली. नाना म्हणाले, अगो, चांगली चालू होती. काकू म्हणाल्या, “असेल. माझा नाही विश्वास त्या डबड्यावर. एवढ्यात पाणी वाहून गेलं नि कोणाला कळलं नाही. तुम्ही आपले समोर बसा टाकी भरेपर्यंत.”

त्या संध्याकाळी मी गेले तेव्हा पंपाची घरघर घराच्या पुढच्या दारापर्यंत ऐकू येत होती. मागे गेले नाही. काकू पडवीत आमसुलांचा डबा उघडून बसल्या होत्या. मी हळूच विचारलं, “पाणी कधी वाहिलं होतं हो काकू?”

“वाहील की कधीतरी,” त्या म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावलं.